आबांची पाठ आणि कमानीचे पाटे

ट्रकच्या कमानीचा, म्हणजे चाकांवर ओझं पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगेचा, पाटा बरोबर मधोमध तुटून आला की मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो, यू-बोल्ट शेवटचे कधी आवळले होते? बहुतेकांना आठवत नाही. यू-बोल्ट ढिले पडले की कमान ॲक्सलवर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, हलायला लागते, सगळा मार सेंटर बोल्टच्या भोकावर येतो आणि तिथून चीर जाते. तुटलेली कड उजेडात धरली की अर्धी काळी, गंजलेली दिसते आणि अर्धी ताजी, दाणेदार, चकाकणारी. काळा भाग म्हणजे चीर कित्येक दिवस आत होती. चकाकणारा भाग म्हणजे त्या दिवशीचा शेवटचा खड्डा.

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलपाशी माझं कमानीचं दुकान आहे. त्याआधी कुर्ल्याला होतं. सव्वीस वर्षं हेच काम करतोय: पाटा भट्टीत लाल करायचा, ठोकून बाक द्यायचा, तेलात बुडवून पाणी द्यायचं, मग एकावर एक रचून क्लिपा मारायच्या. हात भाजतात, कान जातात, पण गाडी परत आपल्या उंचीवर उभी राहिली की समाधान वाटतं.

आज लिहायला बसलो ते पुतण्यामुळे. तो लष्करात ड्रायव्हर आहे, सेना सेवा कोरमध्ये. आबांच्याच, म्हणजे माझ्या वडिलांच्याच कोरमध्ये. दिवाळीला सुटीवर आला तेव्हा आबांनी त्याला जेवताना विचारलं, ‘‘नव्या गाडीला म्होरं पाटे किती हायत रं?’’

‘‘पाटेच नाहीत, आबा. चारी चाकांना गोल स्प्रिंगा.’’

आबांचा घास हातातच राहिला. ‘‘वझं कशावर पेलती मग?’’

पुतण्या सुटी संपवून गेला, पण आबांचा प्रश्न घरातच राहिला. गेले काही आठवडे रोज संध्याकाळी मी त्यांना थोडं थोडं समजावून सांगतोय. त्यासाठी वाचलं, गाड्यांच्या तळाचे फोटो मोठे करून बघितले, ओळखीच्या जीपवाल्यांना विचारलं. ते सगळं इथे मांडतो.

आमचं गाव साताऱ्याकडचं. अपशिंग्याला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. आमच्या गावातही घरटी एक तरी माणूस फौजेत. आबा १९६६ साली भरती झाले आणि वीस वर्षं मिलिटरी गाड्या चालवल्या. सुरुवातीला शक्तिमान. जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनायला लागलेला हा ट्रक. मग जबलपूरचीच निसान वन टनर, जिला फौजेत सगळे नुसतं ‘वन टन’ म्हणायचे. दोन्हींना कमानी, दोन्हींना सरळ ॲक्सल. आबांच्या पाठीचा एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं कमरेचे दोन मणके दाखवले आणि विचारलं, यांनी ट्रक चालवला का? मणक्यांमधली गादी झिजून कागदासारखी झालेली. आबा आता बसलेले असले की उठायला त्यांना काहीतरी धरावं लागतं.

कमान म्हणजे पाट्यांची चळत. ओझं आलं की पाटे वाकतात आणि वाकताना एकमेकांवर घासतात. हे घासणंच तिचा गुण आणि तिचा दोष. मोठ्या दणक्यात घर्षण ऊर्जा खातं, म्हणून शॉकअब, म्हणजे उसळी जिरवणारा दांडा, बिघडला तरी कमानीची गाडी बेडकासारखी उड्या मारत नाही. पण बारीक बारीक धक्क्यांत पाटे एकमेकांना धरून ठेवतात, कमान हलतच नाही आणि धक्का जसाच्या तसा चासीत जातो. पाट्यांच्या मध्ये चिखल, वाळू आणि गंज बसला की आणखी वाईट. गंज चढलेली कमान मी खोलतो तेव्हा पाटे छिन्नीनं सोडवावे लागतात. इतके दिवस ती गाडी जवळपास स्प्रिंगेशिवायच पळत असते. हल्ली पॅराबोलिक कमानी येतात, पाटे कमी, मधे जाड आणि टोकाला पातळ, एकमेकांना फक्त मधे आणि टोकाला टेकणाऱ्या. त्या चांगल्या आहेत. तरी सरळ ॲक्सलचा प्रश्न उरतोच.

तो मी आबांना लाटणं घेऊन दाखवला. लाटण्याची दोन टोकं म्हणजे दोन चाकं. डावं टोक वाटीवर चढवलं की उजवं आपोआप कलतं. डाव्या चाकाखाली दगड आला की त्याचा हिसका उजव्यालाही बसतो, आणि वर बसलेल्या माणसाला वर-खाली धक्का लागतो तसाच आडवाही लागतो. मागे फळ्यांवर एकमेकांकडे तोंड करून बसलेल्या जवानांना तर तो आडवा धक्का थेट कण्यात जायचा. आबा म्हणाले, ‘‘मागं बसल्याली पोरं उतरली की पैलं कंबर धरायची. दोन मिनटं कुणी बोलायचं न्हाई.’’

ते उतरल्यानंतरचे दोन मिनिटं मला फार महत्त्वाचे वाटतात. गाडी कशाला असते? माणूस पोचला पाहिजे आणि पोचल्यावर लगेच उभा राहून काम करू शकला पाहिजे.

हे आकड्यात मांडलेलंही आहे. अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात माणसांना हलत्या खुर्चीवर बसवून मोजमाप केलं. खडबडीत जमिनीवरून जाताना शरीर धक्क्यांची किती ऊर्जा शोषून घेतं, ते त्यांनी वॉटमध्ये बसवलं आणि ड्रायव्हर सलग सोसू शकेल अशी मर्यादा धरली ६ वॉट. रात्री लावतो त्या छोट्या दिव्याएवढी. त्याच्यापुढे ड्रायव्हरचा पाय आपसूक ॲक्सिलरेटरवरून उठतो. म्हणजे कच्च्या रानात गाडीचा वेग इंजिन ठरवत नाही, बसलेल्या माणसाचा कणा ठरवतो. त्यातही बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला ४ ते ६ या गतीच्या हेलकाव्यांत सगळ्यात जास्त थरथरतो. त्या गतीचे धक्के खालीच जिरवायचे, वर येऊ द्यायचे नाहीत, हे गाडीचं काम.

नव्या हलक्या लष्करी गाड्यांत मला सगळ्यात मोठा बदल दिसतो तो इथे. प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर, आपापल्या स्प्रिंगेवर, दुसऱ्याशी बांधलेलं नाही. अमेरिकी फौजेची हमवी ही गाडी १९८०च्या दशकात आली ती अशीच होती. तिला आणखी एक सोय होती: चाकाच्या हबमध्ये गिअर. त्यामुळे चाकाकडे जाणारा दांडा चाकाच्या मध्याच्या वरून येतो, डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा वर सरकतो आणि गाडीच्या पोटाखाली १६ इंच मोकळे राहतात. ही युक्ती जर्मनीच्या उनिमोग ट्रकनं त्याच्या किती तरी आधी वापरली होती, फक्त तिथे ॲक्सल सरळ ठेवून.

मग इराकमध्ये सुरुंगांनी हमवीची माणसं मरायला लागली. तिच्यावर चिलखती पत्रे चढवत गेले. वजन वाढलं, स्प्रिंगा बसल्या, दारं इतकी जड झाली की उलटलेल्या गाडीतून बाहेर पडणं अवघड. माझ्याकडे रोज येणारं दुखणं तेच: गाडी बनवली एका ओझ्यासाठी आणि चालवली दुप्पट ओझ्यावर. तिची जागा घ्यायला जेएलटीव्ही नावाची गाडी ठरली, २०१५ साली ऑशकॉश कंपनीला काम मिळालं. चिलखत पहिल्यापासून हिशोबात धरलेलं. तिच्या चाकाला वर-खाली हलायला २० इंच मिळतात आणि ड्रायव्हर केबिनमधून गाडीची उंची कमी-जास्त करू शकतो. २० इंच म्हणजे माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या अंतराहून जास्त. माझ्या भट्टीवर येणाऱ्या ट्रकची कमान पूर्ण वर-खाली झाली तरी त्याच्या निम्म्याला पोचत नाही. हे वाचलं त्या रात्री मी दुकानात पट्टी घेऊन उभा होतो.

आपल्याकडे आता महिंद्राची अर्माडो आहे. मार्च २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं १,३०० लाइट स्पेशालिस्ट गाड्यांचा १,०५६ कोटी रुपयांचा करार केला आणि २०२३ पासून त्या फौजेकडे जायला लागल्या. चारी चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, बसल्या जागी टायरची हवा बदलायची सोय, अडकली तर स्वतःला ओढून काढायला विंच. आबांना तिचा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी बॉडीकडे बघितलंच नाही. बोट सरळ चाकाच्या मागे गेलं.

सरळ ॲक्सलची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर माझ्याच भट्टीवर अन्याय होईल. सरळ ॲक्सलचा गोळा चाकांबरोबर वर-खाली होतो, म्हणून ओझं कितीही घाला, गोळ्याखालचं अंतर तेवढंच राहतं. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी ओझ्यानं बसली की तिचं पोटच खाली येतं. दगडाधोंड्यातून बैलगाडीच्या चालीनं जायचं असेल तर सरळ ॲक्सल आजही भारी पडतो, एक चाक दाबलं जातं तसं दुसरं जमिनीकडे ढकललं जातं. वेगानं जायचं, माणसं घेऊन जायचं, तिथे मात्र मी आबांसमोर मान्य केलं की स्वतंत्र सस्पेन्शन बरं.

हवेचं प्रकरण आबांना सगळ्यात लवकर कळलं, कारण ते त्यांनी बोटांनी केलेलं. राजस्थानात वाळू लागली की ताफा थांबायचा. प्रत्येक ड्रायव्हर खिळा घेऊन उकिडवा बसायचा, व्हॉल्व्हची पिन दाबायची आणि मनात आकडे मोजायचे. पुढच्या टायरला शंभर, मागच्याला दीडशे. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा त्याचा तळवा लांबट होतो, तेवढंच वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळू खणत नाही. ‘‘हवा सोडली न्हाई तर गाडी पोट टेकवती,’’ आबा म्हणाले, ‘‘आन् एकदा पोट टेकलं की मग दुपार गेली.’’ पुढे पक्का रस्ता लागला की उलटं काम: एका गाडीच्या कॉम्प्रेसरवरून ताफ्यातल्या सगळ्या टायरांत परत हवा. कमी हवेवर डांबरावर पळवलं तर टायरची बाजू घुसळून तापते आणि फाटते. हे सगळं उघड्यावर, उन्हात, थांबून. लढाईत थांबलेल्या ताफ्याचं काय होतं ते आबांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

केबिनमधून हवा बदलायची कल्पना तशी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकेचा पाण्यातून-जमिनीवर चालणारा डक ट्रक, त्याचा ड्रायव्हर समुद्रातून पुळणीवर चढताना बसल्या जागी हवा सोडायचा. आता ती सोय हलक्या गाड्यांपर्यंत आली: डांबर, कच्चा रस्ता, वाळू, चिखल अशा ठरावीक जागा, आणि बटण. यातली नाजूक गोष्ट म्हणजे हबमधली सील. नळी गाडीला चिकटलेली, चाक फिरतं, आणि हवा थांबलेल्या भागातून फिरणाऱ्या भागात न गळता गेली पाहिजे. तिथे वाळूचे चार कण गेले की गळती सुरू. ज्यांच्या हाती देखभाल आहे त्यांनी त्या सीलवर लक्ष ठेवावं, एवढं या धंद्यातला माणूस म्हणून कळकळीनं सांगतो. टायरच्या आत कडक रिंगही असते, गोळी लागून हवा गेली तरी गाडी काही किलोमीटर त्या रिंगेवर निघून जाते.

पाण्याचं मला कुणी शिकवायला नको. २६ जुलै २००५, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. तेव्हा दुकान कुर्ल्याला, मिठी नदीपासून जवळ. भट्टी पाण्याखाली, पाटे गाळात. पण पुढच्या महिनाभरात जे बघितलं ते विसरलो नाही. पाण्यात उभ्या राहिलेल्या आणि पाण्यातून चाललेल्या ट्रकांचे ड्रेन प्लग उघडले की गोळ्यातून ऑइल यायचं ते जास्त दुधाच्या चहासारखं. कारण सोपं आहे. चालून तापलेला गोळा गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरून जे मिळेल ते ओढते. वर श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं, ब्रीदर. ते पाण्याखाली असेल तर पाणीच आत. वेळीच ऑइल बदललं ते वाचले, बाकीच्यांचे बेअरिंग दिवाळीपर्यंत ओरडायला लागले.

म्हणून लष्करी गाडीच्या कागदावर मी पाण्यातून जाण्याची खोली वाचतो तेव्हा मला इंजिनाच्या आधी ब्रीदर दिसतो. हमवी साध्या अवस्थेत ३० इंच पाण्यातून जायची, ६० इंचांसाठी वेगळं किट चढवावं लागायचं. जेएलटीव्हीला किटशिवाय ६० इंच, म्हणजे पाच फूट. त्यासाठी प्रत्येक गोळ्याचा, गिअरबॉक्सचा, ट्रान्सफर केसचा श्वास नळीनं उंचावर न्यावा लागतो, वायरिंगचा प्रत्येक जोड बंद करावा लागतो. फोटोत हे काम दिसत नाही.

कण्याचा आणखी एक शत्रू जमिनीखाली असतो. सुरुंग फुटला की गाडीचा तळ वर येतो. सपाट तळ तो दणका पुरा घेतो, व्ही आकाराचा तळ तो दोन्ही बाजूंना वळवतो. शिवाय सुरुंगाचा विचार करून बनवलेल्या गाड्यांत सीट फरशीवर ठोकत नाहीत, भिंतीला किंवा छताला टांगतात, म्हणजे फरशी उचलली गेली तरी बसलेल्याचा कणा मोडू नये. मी हे आबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग एका सोबत्याचं नाव घेतलं, जे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि विषय बदलला.

आता माझ्या मनातली काळजी. सिक्कीममध्ये एकदा वन टनचा पुढचा मुख्य पाटा तुटला. आबांनी रस्त्याकडेचा ओंडका घेतला, ॲक्सल आणि चासीच्या मध्ये घातला, साखळीनं आवळला आणि तशीच गाडी कॅम्पपर्यंत आणली. संध्याकाळी ईएमईच्या, म्हणजे फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोरच्या, वर्कशॉपमध्ये पाटा बदलला, सकाळी गाडी परत रस्त्यावर. स्वतंत्र सस्पेन्शनचा आर्म वाकला तर ओंडका घालून भागत नाही. तोच आर्म, तोच बुश, तोच जॉइंट लागतो, आणि तो कुठल्या तरी गोदामात असतो.

याला दोन उत्तरं मला पटली. एक अमेरिकेच्या नव्या इन्फंट्री स्क्वाड गाडीचं. २०२० साली जीएमला काम मिळालं. नऊ जवान बसतात, चिलखत नाही, हेलिकॉप्टरला टांगून नेता येते, आणि तिचे सुमारे ९० टक्के भाग बाजारात मिळणाऱ्या पिकअपचे. दुसरं आपलं स्वतःचं, जुनं. जिप्सी. जेमतेम टनभर वजन, चारी चाकांना कमानी, सरळ ॲक्सल. बर्फात अडकली तर चार जवान खांदा लावून काढायचे, आणि पार्ट कुठल्याही तालुक्याला मिळायचे. कुर्ल्याला असताना लिलावात निघालेल्या किती तरी जिप्सींच्या कमानी मी बसवल्या. मार्च २०२५ मध्ये फोर्स मोटर्सला फौजेकडून २,९७८ गुरखा गाड्यांची ऑर्डर मिळाली तेव्हा मला बरं वाटलं ते याचसाठी. पुढे-मागे दोन्ही ॲक्सलना डिफ लॉक, म्हणजे दोन्ही चाकं बरोबरीनं फिरवणारी सोय, कारखान्यातूनच स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाचा श्वास उंचावर नेणारी नळी, कमानीऐवजी गोल स्प्रिंगा, पण गाडी शोरूममध्ये विकली जाते ती. म्हणजे पार्ट बनत राहणार, मेकॅनिक शिकत राहणार. मोठ्या चिलखती गाड्यांचे पार्टही पुढच्या ठाण्यांवर, बर्फ पडायच्या आत पोचलेले असावेत. नाहीतर २० इंच हलणारं चाक हिवाळाभर ताडपत्रीखाली झाकून पडेल.

पुतण्याचा फोन गेल्या रविवारी आला. कुठे आहे ते तो सांगत नाही, आम्ही विचारत नाही. आबांनी फोन हातात घेतला आणि एवढंच विचारलं, ‘‘उतरल्यावर कंबर धरतुस का रं?’’

‘‘नाही, आबा.’’

‘‘मागची पोरं?’’

‘‘ती पण नाही. उतरली की पळतात.’’

सोमवारी आबा दुकानात आले. बऱ्याच महिन्यांनी. मी कुर्ल्याच्या बाजारातून एका जुन्या एसयूव्हीची पुढची स्प्रिंग आणून ठेवली होती, ती ऐरणीवर उभी केली. त्यांनी तिचे वेटोळे वरून खाली मोजले, तार किती जाड आहे ते अंगठ्यानं बघितलं, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. एका वेटोळ्याला दुसरं कुठेच लागत नव्हतं, त्या फटीतून त्यांनी बोट फिरवलं. मग स्टुलावर बसून चहा प्यायले. भट्टीत पाटा होता, तो लाल होईपर्यंत बोलले नाहीत.

निघताना त्यांनी स्प्रिंगेच्या वरच्या कड्यावर तळवा टेकला, भार दिला. ती थोडीशी दबली. आबा तिला धरून उठले.